नळी बसली म्हणजे फिटिंग बसली असं नाही: दूध काढणी यंत्रातल्या हवेच्या जोडण्या

यंत्राने धार काढताना एका गाईचा डावा मागचा सड रोज मागे राहायचा. बाकीचे तीन कप वेळेवर मोकळे होऊन खाली यायचे, चौथा रेंगाळायचा, आणि शेवटी शेवटी गाय तो पाय उचलून उचलून ठेवायची. कपातला रबरी लायनर बदलला, हवेची उघडझाप करणारा पल्सेटर उघडून साफ केला, व्हॅक्यूमचा काटा पाहिला. सगळं जागच्या जागी. मग आठवलं की दोन आठवड्यांपूर्वी त्याच सडाच्या हवेच्या नळीतला तडकलेला पितळी जोड मीच बदलला होता. नवा जोड नळीत घट्ट बसला होता, कुठेही हवा खात नव्हता. काढून उजेडासमोर धरला तेव्हा उलगडा झाला. बाकीच्या तीन जोडांच्या भोकातून ५ मिलिमीटरच्या ड्रिलचा दांडा सहज आरपार जात होता. माझ्या नव्या जोडात ३ मिलिमीटरचाही अडकत होता. बाहेरचं माप तेच, पण आतली वाट जेमतेम एक तृतीयांश.

तेव्हापासून कुठलीही फिटिंग हातात घेतली की नळी बसते का, हे मी सगळ्यात शेवटी बघतो. तिच्यातून कुठली हवा जाणार आहे, किती घाईने जाणार आहे, बाहेरून तिच्या अंगावर काय पडणार आहे आणि ती किती हलणार आहे, हे आधी बघतो. या लेखात त्याच क्रमाने जाऊ, फक्त सगळीकडे सारखा वेळ थांबणार नाही.

एका यंत्रात दोन प्रकारची हवा

पहिली व्यवस्था व्हॅक्यूमची. समुद्रसपाटीला वातावरणाचा दाब सुमारे १०१ किलोपास्कल असतो. यंत्राचा पंप नळ्यांतली हवा काढत राहतो आणि आतला दाब त्याहून साधारण ४० ते ५० किलोपास्कलने कमी ठेवतो. सडाखाली लागणाऱ्या या ओढीने दूध बाहेर येतं. पण ओढ सतत लागली तर सडाच्या टोकाशी रक्त साचतं, सड सुजतो आणि जनावराला दुखतं. स्कॉटलंडच्या विल्यम मर्चलँड यांनी १८८९ मध्ये केलेलं यंत्र असं सतत ओढणारंच होतं. ओढीला मध्ये मध्ये विसावा देण्याची युक्ती त्यानंतर काही वर्षांत आली, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियाच्या अलेक्झांडर गिलीज यांच्या दोन कप्प्यांच्या कपाने आजच्या यंत्राचा पाया घातला गेला.

त्या कपाची रचना आजही तशीच आहे. बाहेर कडक कवच, आत रबराचा लायनर आणि दोघांच्या मध्ये पोकळी. लायनरच्या आत व्हॅक्यूम कायम असतो. पोकळीतही व्हॅक्यूम आला की दोन्ही बाजूंची ओढ सारखी होते, लायनर मोकळा उभा राहतो आणि दूध वाहतं. पोकळीत बाहेरची साधी हवा सोडली की लायनर सडाभोवती मिटतो, सड हलकेच चेपला जातो आणि साचलेलं रक्त पुढे सरकतं. ही उघडझाप करवणारा भाग म्हणजे पल्सेटर. तो मिनिटाला साधारण ६० ठोके देतो, आणि प्रत्येक ठोक्यातला ६० ते ६५ टक्के वेळ उघडण्याचा, उरलेला मिटण्याचा.

म्हणजे एका ठोक्याला एक सेकंद. त्या सेकंदात पोकळी रिकामी करायची, काही काळ रिकामी ठेवायची, पुन्हा भरायची आणि काही काळ भरलेली ठेवायची. रिकामी करायला आणि भरायला प्रत्येकी सेकंदाचा दहावा-सातवा हिस्सा मिळतो. तेवढ्यात सगळी हवा नळीतून आणि वाटेतल्या प्रत्येक जोडातून गेली पाहिजे. दूध काढणी यंत्रांसाठीच्या आयएसओ ५७०७ या मानकात अशी अट आहे की लायनर पूर्ण उघडा असण्याचा काळ ठोक्याच्या ३० टक्क्यांहून कमी नसावा, आणि पूर्ण मिटलेला असण्याचा काळ १५ टक्क्यांहून तसंच १५० मिलिसेकंदांहून कमी नसावा. माझ्या अरुंद जोडाने नेमका या दोन काळांतला वेळ खाल्ला. लायनर उशिरा उघडायचा म्हणून दूध हळू यायचं, आणि उशिरा मिटायचा म्हणून सडाला विसावा अपुरा पडायचा. एकाच ठोक्यात गाईला दोन्ही बाजूंनी त्रास. गळती नसतानाही फिटिंग चुकीची असू शकते ती अशी.

दुसरी व्यवस्था दाबाच्या हवेची. कॉम्प्रेसर ही हवा ६ ते ७ बारला भरून ठेवतो, म्हणजे वातावरणाच्या वर ६०० ते ७०० किलोपास्कल. आपोआप दूध काढणारे यंत्रमानव १९९२ मध्ये नेदरलँड्समध्ये पहिल्यांदा व्यवहारात आले. त्यांच्या बहुतेक रचनांमध्ये हवेला भरपूर काम असतं: फाटक उघडायचं, दूध कुठल्या भांड्यात जायचं ते ठरवणाऱ्या झडपा फिरवायच्या, फवारा मारायचा, आणि काही यंत्रांत तर कप लावणारा आख्खा हातच हवेच्या सिलिंडरवर उचलायचा. विजेची मोटर सोडून हवा का, असा प्रश्न पडतो. गाईने लाथ मारली की हवेचा सिलिंडर दबतो आणि पुन्हा जागेवर येतो. त्या उशीसारख्या लवचिकपणामुळे यंत्र मोडत नाही आणि पायालाही मार लागत नाही. शिवाय रोज पाण्याने धुतल्या जाणाऱ्या जागी, ओल्यात, हवा विजेपेक्षा कमी त्रासाची.

या दोन्ही व्यवस्थांच्या नळ्या शेजारून जातात, पुष्कळदा एकाच रंगाच्या. फिटिंगही सारख्याच दिसतात. घोळ तिथून सुरू होतो.

बाहेर फुसफुसणारी गळती आणि आत ओढणारी गळती

दाबाच्या हवेची गळती स्वतःच ओरडून सांगते. १ मिलिमीटरच्या भोकातून ७ बारची हवा मिनिटाला साधारण ७० लिटर निघून जाते आणि फुसफुस ऐकू येते. नुकसान विजेचं. कॉम्प्रेसर उगाच पळत राहतो, आणि गळती वाढली की हात संथ होतो, कप लावताना सड चुकतो.

तेवढ्याच भोकातून व्हॅक्यूमच्या नळीत मिनिटाला जेमतेम ७-८ लिटर हवा आत शिरते. आवाज जवळजवळ नाही, थेंब नाही, फेस नाही. आकडा लहान आहे म्हणून ती गळती लहान समजू नये, कारण ती कुठे आहे यावर सगळं अवलंबून आहे. पल्सेटरच्या हवेच्या नळीवर केसाएवढी चीर असेल तर पंप तिला बहुधा पुरून उरतो आणि सडाला फारसं कळत नाही. माझा जुना पितळी जोड तसाच तडकलेला होता. कान अगदी जवळ नेला तरच बारीक शिट्टी यायची, आणि गाईची तेव्हा काही तक्रार नव्हती.

तीच चीर दुधाच्या बाजूला असेल तर गोष्ट वेगळी. दूध पुढे सरकावं म्हणून संचात, म्हणजे एका गाईला लागणाऱ्या चार कपांच्या जुडग्यात, मुद्दाम एक बारीक भोक ठेवलेलं असतं, त्यातून ठरावीक हवा येते. प्रमाण म्हणून एका संचाला मिनिटाला ४ ते १२ लिटर. नकळत आलेली १ मिलिमीटरची चीर म्हणजे तसंच दुसरं भोक, पण चुकीच्या जागी आणि कुणाच्याही हिशेबात नसलेलं. दुधात हवा घुसळली जाते, स्निग्धाच्या कणांवरचं आवरण फाटतं, मेदाम्लं मोकळी होतात आणि दुधाला खवट वास धरतो. त्याहून वाईट म्हणजे हवेचा अचानक झोत. कपाच्या तोंडाशी किंवा सैल जोडातून हवा एकदम आत आली की संचातला व्हॅक्यूम क्षणभर कोसळतो, आणि दुधाचे थेंब उलटे फिरून दुसऱ्या सडांच्या उघड्या टोकांवर आदळतात. एका सडातले जंतू दुसऱ्यात जायला तेवढं पुरतं. कासदाहाला कारणं अनेक असतात, पण हे कारण आपल्या हाताने बसवलेल्या जोडातून येतं, म्हणून मला ते जास्त लागतं.

म्हणूनच मानकात गळतीलाही मर्यादा घातलेली आहे. पाईपलाईनच्या यंत्रात दुधाच्या बाजूला मिनिटाला १० लिटर, अधिक प्रत्येक संचामागे २ लिटर, याहून जास्त हवा शिरता कामा नये. व्हॅक्यूमच्या बाजूला पंपाच्या क्षमतेच्या ५ टक्क्यांहून जास्त नको. बारा संचांचं यंत्र असेल तर दुधाच्या बाजूची सगळी मुभा ३४ लिटरची. २ मिलिमीटरचं एक भोक साधारण ३० लिटर खातं, कारण व्यास दुप्पट झाला की वाट चौपट होते. म्हणजे एकच खराब जोड जवळजवळ सगळी मुभा संपवतो.

शोधायचं कसं? दाबाच्या हवेला साबणाचं पाणी उत्तम. व्हॅक्यूमच्या जोडावर फुगा येत नाही, उलट फेस आत ओढला जातो. तो आत गेलेला पाहणं हीच खूण. दुधाच्या वाटेवर मात्र मी साबण कधीच लावत नाही, तो दुधात जाईल. तिथे ओलं बोट पुरतं. जोडाभोवती बोट हळू फिरवलं की चिरेवर कातडी किंचित चिकटते. मोठ्या गोठ्यात गळतीचा न ऐकू येणारा आवाज पकडणारं अल्ट्रासोनिक उपकरण फार उपयोगी पडतं.

पुश फिटिंगच्या पोटात

नळी ढकलली की बसते आणि कडी दाबून ओढली की निघते, अशी पुश फिटिंग सगळ्यांच्या ओळखीची. तिच्या आत काय आहे ते पाहायला एक जुनी फिटिंग मी करवतीने उभी कापली होती. तोंडाशी प्लॅस्टिकची कडी. तिच्या मागे स्टेनलेस स्टीलच्या पातळ पात्यांची गोल माळ, पाती आतल्या बाजूला कललेली. त्यामागे रबराची रिंग, आणि सगळ्यात खोल नळीला थांबवणारी पायरी. नळी आत जाताना पाती बाजूला होतात. बाहेर ओढली की ती नळीच्या अंगात रुततात आणि जितकं ओढावं तितकी जास्त रुततात. कडी दाबली की पाती पुन्हा पसरतात.

यात एक गोष्ट नीट बघायला हवी: नळी धरून ठेवतात ती पाती, आणि हवा अडवते ती मागची रिंग. नळी फक्त पात्यांपर्यंतच पोचली तर ती ओढून निघत नाही, आपल्याला वाटतं बसली, पण रिंगपर्यंत ती गेलेलीच नसते. म्हणून नळी ढकलताना दोन टप्पे जाणवले पाहिजेत. आधी थोडा अडथळा, मग रिंग ओलांडून पायरीला टेकल्याचा ठाम थांबा. किती आत जायला हवी तेवढं अंतर नळीवर पेनाने आधीच आखून घेतलं तर शंका उरत नाही.

नळी काटकोनात कापलेली हवी. पक्कडीने चेपून कापली की टोक अंडाकृती होतं आणि रिंगला एका बाजूला फट राहते. नळी काढून पुन्हा बसवताना टोकावरचे पात्यांचे ओरखडे दिसतात. रिंग नेमकी त्याच पट्ट्यावर टेकते, म्हणून तेवढा तुकडा कापून टाकायचा. नळी आखूड पडेल म्हणून जुनंच टोक पुन्हा घुसवलेलं मी अनेकदा पाहिलं आहे, आणि तिथली गळती कायमची होऊन बसते.

व्हॅक्यूमला पुश फिटिंग चालते का? काही चालतात, सगळ्या नाहीत. काही फिटिंगमधली रिंग ओठासारखी असते, आतून दाब आला की तो ओठ नळीवर आणखी दाबला जातो. व्हॅक्यूममध्ये तो आधारच नाहीसा होतो, ओठ उलट उचलला जाऊ शकतो. उत्पादकाच्या तक्त्यात व्हॅक्यूमचा आकडा स्पष्ट दिलेला असेल तरच ती तिथे वापरावी. दुधाच्या वाटेवर तर पुश फिटिंग नकोच. पात्यांच्या मागच्या खाचेत दूध साचतं आणि कुठलंही धुणं तिथे पोचत नाही. तिथे गुळगुळीत होज निपल (ज्यावर मऊ नळी चढवतात ते तोंड) किंवा क्लँपने जोडायचे स्टेनलेस स्टीलचे जोड.

मापांचा गोंधळ इथेच होतो. नळीचं माप बाहेरच्या व्यासावर असतं: ४, ६, ८, १०, १२ मिलिमीटर. इंचातल्या नळ्या त्याच्या जवळपास येतात पण त्याच नसतात. पाव इंच म्हणजे ६.३५ मिलिमीटर. ६ मिलिमीटरची नळी पाव इंचाच्या फिटिंगमध्ये मुकाट्याने जाते, पाती तिला जेमतेम धरतात, आणि एखाद्या दिवशी दाबाने ती सुटून येते. पाच सोळांश इंच मात्र ७.९४ मिलिमीटर आहे, ८ च्या इतकं जवळ की एकमेकांत चालून जातं. एकदा चाललं म्हणून दुसऱ्यांदाही चालेल, हा समज तिथूनच तयार होतो.

रबरी आणि सिलिकॉनच्या मऊ नळ्यांना होज निपल लागतं, अंगावर उतरत्या कडा असलेलं. जुनी नळी काढताना ब्लेडने निपलवरच चिरली की कडेवर ओरखडा राहतो, आणि नवी नळी कितीही घट्ट असली तरी त्या ओरखड्यातून हवा खाते. नळी थोडी पुढे कापून, कोमट पाण्यात धरून, फिरवत काढलेली बरी. क्लिपही गरजेपुरतीच आवळावी. सिलिकॉन क्लिपखाली कापलं जातं.

आटे

फिटिंगचं दुसरं टोक आट्यांचं असतं. समांतर आटे आणि निमुळते आटे, अशी मुख्य विभागणी. समांतर आट्यांत हवा अडवायचं काम खालचा वॉशर किंवा ओ-रिंग करते, आट्यांचं काम फक्त धरून ठेवायचं. तिथे टेफ्लॉन टेप गुंडाळून उपयोग नाही. निमुळत्या आट्यांत टेप लागते. ती आटे फिरतात त्याच दिशेने गुंडाळायची आणि पहिला आटा मोकळा सोडायचा, नाही तर टेपची लोंबती चिंधी तुटून पल्सेटरच्या झडपेत अडकते. मग लोक पल्सेटरला दोष देतात.

ब्रिटिश आणि अमेरिकन आटे दिसायला भावंडं. पाव इंचाच्या ब्रिटिश आट्यांचे इंचाला १९ फेरे, अमेरिकनचे १८. कोनही वेगळे, ५५ आणि ६० अंश. सुरुवातीचे दोन-तीन फेरे दोन्ही एकमेकांत जातात, पुढे जड होतं. तिथे पाना लावून जोर काढायचा नाही. हाताने चार फेरे सहज जात नसतील तर ते आटे एकमेकांचे नाहीत.

पितळ आणि मूत्र

आता त्या तडकलेल्या जोडाकडे. तो कुणी आपटला नव्हता, त्याच्यावर दाबही नव्हता. तरी लांबीच्या दिशेने सरळ चीर, जणू आतून कुणी उसवलं.

एकोणिसाव्या शतकात भारतातल्या ब्रिटिश सैन्याला हेच कोडं पडलं होतं. पावसाळ्यात मोहिमा थंडावल्या की काडतुसं घोड्यांच्या पागांमध्ये साठवून ठेवली जायची, आणि पाऊस सरल्यावर बाहेर काढली की त्यांची पितळी कवचं तडकलेली निघायची. ऋतूबरोबर येणारी तडक म्हणून त्याला तसंच नाव पडलं. कारण १९२१ मध्ये नीट उलगडलं. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, हवेतला ओलावा आणि पितळ ओढून कवच बनवताना धातूत राहून गेलेला ताण, हे तिन्ही एकत्र आले की पितळ तडकतं. एकटा अमोनिया किंवा एकटा ताण हे करत नाही.

आता गोठा बघा. मूत्र आहे, ओलावा आहे, आणि ताण आपण देतो. निमुळते आटे गरजेपेक्षा जास्त आवळले की आतल्या आट्यांचा भाग बाहेरच्या दिशेने ताणला जातो, पाचर ठोकल्यासारखा. अमोनिया तिथे आपलं काम करतो आणि चीर लांबीतच जाते. निकेलचा मुलामा असला की पितळ वाचतं, पण मुलामा शाबूत असेपर्यंतच. पान्याने खरवडलेली कड, आट्यांची टोकं, अशा जागी पितळ उघडं पडतं. माझ्या जोडाची चीर पान्याच्या खुणेपासूनच निघाली होती.

म्हणून जनावराच्या पायाखाली आणि मागच्या बाजूला मी पितळ वापरत नाही. तिथे स्टेनलेस स्टील किंवा योग्य प्लॅस्टिक. वर, कोरड्या कपाटात, झडपांच्या पेटीत पितळ वर्षानुवर्षं टिकतं, तिथे त्याला नाकारायचं कारण नाही.

प्लॅस्टिकचीही नावं विचारावी लागतात. धुण्याचं रसायन दोन टोकांचं असतं: गरम अल्कली, पुष्कळदा क्लोरीनसह, आणि नंतर आम्ल. जंतुनाशक म्हणून पेरासेटिक आम्लही येतं. पॉलिप्रॉपिलीन हे सगळं बऱ्यापैकी सोसतं. ॲसिटल कणखर आणि गुळगुळीत, पण तीव्र आम्ल आणि क्लोरीनपुढे कमी पडतं. नायलॉनची नळी दाबाला चांगली, आम्लाचे शिंतोडे सतत पडले की ठिसूळ होते. हवेच्या फिल्टरची पारदर्शक वाटी पॉलिकार्बोनेटची असेल तर अमोनिया आणि अल्कलीने तिच्यावर बारीक जाळी पडते. ती वाटी ७ बारच्या दाबाखाली असते. जाळी दिसली की त्याच दिवशी बदलायची, किंवा मुळात धातूची वाटी घ्यायची. ही गोष्ट माणसाला थेट इजा करू शकते.

सगळ्यात फसवी असते ती आतली रबरी रिंग, कारण ती दिसत नाही. नायट्राइल रबर तेलाला उत्तम, पेरासेटिक आम्ल आणि ओझोनपुढे मात्र चिरा पडतात. ईपीडीएम जातीचं रबर गरम पाणी, अल्कली, आम्ल सगळं सोसतं, पण खनिज तेल लागलं की फुगतं आणि मऊ पडतं. कॉम्प्रेसरच्या हवेबरोबर तेलाचं धुकं येत असेल तर बाहेरच्या धुण्यासाठी म्हणून निवडलेली ईपीडीएम रिंग आतल्या तेलाने खराब होते. दोन्ही बाजूंनी मार असेल तिथे एफकेएम रबराचा विचार करता येतो, फक्त तीव्र अल्कली आणि वाफेला त्याच्या सगळ्या जाती टिकत नाहीत. म्हणून माझा कल हवा आधी साफ करण्याकडे असतो. तेल आणि पाणी फिल्टरने अडवलं की रिंग निवडताना फक्त बाहेरच्या रसायनाचा विचार उरतो.

पॉलियुरेथेनच्या नळीतही दोन जाती आहेत, एस्टर आणि ईथर. ओलसर उष्ण जागेत एस्टर जातीचं पॉलियुरेथेन पाण्यानेच हळूहळू विघटित होतं, चिकट होतं, तुटतं. गोठ्यात ईथर जातीचीच मागावी. नळीवर छापलेलं नसेल तर विचारून घ्यावं.

हलणारे जोड

यंत्र रोज सहा तास चालत असेल तर पल्सेटर दिवसाला २१,६०० ठोके देतो, वर्षाला ७८ लाखांच्या वर. प्रत्येक ठोक्याला नळी किंचित आखडते आणि सैल होते. यंत्रमानवाच्या हातावर त्यात वळणं आणि लाथा यांची भर. पुश फिटिंगला सरळ ओढ चालते, बाजूची ओढ चालत नाही. नळी तोंडाशीच वाकली की रिंग एका बाजूला चेपते आणि दुसऱ्या बाजूला फट पडते. फिटिंगमधून निघाल्यावर नळी थोडं अंतर सरळ जावी, मग वळावी, आणि हाताच्या पूर्ण हालचालीला पुरेल एवढा झोल तिला द्यावा. हात पूर्ण बाहेर काढून, पूर्ण आत घेऊन, दोन्ही स्थितींत नळी बघितल्याशिवाय काम झालं असं समजू नये. अगदी तोंडाशी वळण हवंच असेल तर फिरती एल्बो (कोपरासारखा वाकडा जोड) बसवावी, पण तिचंही आतलं भोक मोजून.

चारही सडांच्या हवेच्या नळ्या एकाच लांबीच्या आणि जोड एकाच भोकाचे असावेत. एक नळी दुरुस्तीत कापून आखूड झाली की तो लायनर इतरांच्या आधी उघडतो आणि मिटतो. फरक डोळ्याला दिसत नाही, पल्सेटरच्या आलेखावर, म्हणजे ठोक्यात पोकळीतला दाब कसा बदलतो ते दाखवणाऱ्या रेषेवर, दिसतो. म्हणून हवेच्या वाटेवरचा कुठलाही जोड बदलला की त्या सडाचा आलेख घ्यायचा आणि शेजारच्या सडाच्या आलेखावर ठेवून बघायचा.

मी तो अरुंद जोड काढला, स्टेनलेस स्टीलचा, जुन्याइतक्याच भोकाचा बसवला, चारही नळ्या नव्याने एका मापात कापल्या आणि आलेख घेतला. चार रेषा एकमेकींवर पडल्या. त्या संध्याकाळी चौथा कप बाकीच्यांबरोबर खाली आला. पाय उचलायची सवय जायला मात्र गाईला आठवडाभर लागला.